बागेचा ताण आणि माणसाचा ताण

आमच्या चांदूर बाजाराकडे संत्र्याच्या बागा पुष्कळ. त्यामुळें ‘ताण’ हा शब्द येथील मुलांच्या कानांवर प्रथम पडतो तो बागेच्या संबंधानें. मृगाचा बहार धरावयाचा असला म्हणजे उन्हाळ्यांत झाडांचें पाणी तोडावें लागतें. आंबिया बहार धरावयाचा असला म्हणजे थंडीच्या दिवसांत. पाणी तुटलें कीं झाडाची वाढ थांबते, तें आपली शक्ति सांठवूं लागतें आणि पुढें पाणी मिळतांच फुलोऱ्यावर येतें. ह्यालाच बागाईतदार ‘बागेला ताण देणें’ असें म्हणतात. हा ताण किती दिवस द्यावयाचा ह्याचा हिशेब असतो. हलक्या जमिनींतलें झाड थोड्या दिवसांत मलूल होतें; काळ्या, भारी जमिनींतल्या झाडास अधिक दिवस लागतात. पानें निस्तेज होऊन थोडीं गळूं लागलीं कीं जाणता माळी ताण तोडतो. तोही एकदम पाण्याचा लोंढा सोडून तोडीत नाहीं, पहिलें पाणी हलकें देतो. ज्यानें हा हिशेब चुकविला त्याच्या झाडाला बहार तर येत नाहींच. उलट फांद्या शेंड्याकडून वाळत येतात.

ही बागेची गोष्ट आज सांगण्याचें कारण घरांतलेंच आहे. माझ्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा चिखलदऱ्यास एका हॉटेलाचा व्यवस्थापक आहे. हॉटेल तीस खोल्यांचें. मालक अमरावतीस राहणारे. पावसाळ्यांत चिखलदऱ्यावर धुकें उतरलें आणि धबधबे वाहूं लागले, कीं शनिवार-रविवारीं घाटांत मोटारींची रांग लागते, आणि त्या दोन दिवसांत ह्या मुलाला धड बसून चार घांस खावयासही फुरसत मिळत नाहीं. गेल्या श्रावणांत जिवतीच्या शुक्रवारीं त्याच्या आईनें त्याला हट्टानें घरीं बोलाविलें. औक्षण झालें, पानें मांडलीं, पुरण वाढलें. मुलाचा मोबाइल ताटाशेजारीं वाजत होता. वहिनींनीं विचारलें, “अरे, आणखी एक पोळी घे ना!” तो हंसून म्हणाला, “नको, धन्यवाद.” आईला कोणी धन्यवाद म्हणतें काय? तें हंसणें हॉटेलांतलें होतें. त्यांनीं दुसऱ्यांदा विचारलें, तेंच उत्तर मिळालें. तिसऱ्यांदा विचारतांच तो एकदम ओरडला, “कितीदां सांगूं नको म्हणून?” आणि भरल्या ताटावरून उठून मागच्या अंगणांत गेला.

सणाच्या दिवशीं भरल्या ताटावरून उठणें हें आमच्या घरांत आजवर कोणीं केलें नव्हतें. आजीनें दृष्ट काढावयास सांगितली. बंधु म्हणाले, “पगार वाढला म्हणजे मिजास वाढते.” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, त्या ताटाकडे पाहात राहिल्या. मी वडीलपणाच्या अधिकारानें अंगणांत गेलों आणि त्याला म्हणालों, “बाळ, माणसानें संयम ठेवावा.” त्यावर तो शांतपणें म्हणाला, “काका, तोच तर मी विकतों. दिवसभर शें-दोनशें माणसांशीं संयमानें बोलतों. घरीं येईपर्यंत सगळा संपलेला असतो.” ह्या उत्तरानें मी ओशाळलों. उपदेश बाजूस ठेवून मीं त्याला विचारलें, कीं तुझा एक शनिवार मला सांग पाहूं, पहाटेपासून रात्रीपर्यंत, जसा झाला तसा.

त्यानें सांगितलें तें थोडक्यांत असें. पहाटें पांचाला पाण्याचा टँकर आला नाहीं. आठाला आचारी आणि वाढपी ह्यांची कडाक्याची बाचाबाची झाली. वाढपी एप्रन फेंकून निघाला, त्याची समजूत घालावी लागली. दुपारीं वीज गेली आणि जनरेटरचें डिझेल संपत आलें. रात्रीं दहाच्या सुमारास धुक्यांतून वाट काढीत नागपूरचें एक कुटुंब तान्ह्या मुलासह येऊन पोंचलें, तों त्यांची खोली ऑनलाइन बुकिंगच्या घोटाळ्यानें आधींच दुसऱ्यास दिली गेलेली. त्यांना त्यानें आपली स्वतःची खोली दिली, भाड्यांत दोनशें रुपये सूट दिली, आणि आपण गल्ल्यामागच्या खुर्चीवर रात्र काढली. सकाळीं मालकांचा फोन आला तो सूट कोणाला विचारून दिली हें विचारावयास. दुपारीं त्याच कुटुंबानें इंटरनेटवर हॉटेलाला एक तारा देऊन चार ओळींची निंदा लिहिली. अशा रीतीनें सतरा दिवसांत त्याला एकही सुट्टी मिळाली नव्हती. “काका,” तो म्हणाला, “काम फार आहे ह्याचें मला कांहीं वाटत नाहीं. पण सगळ्या गोष्टींचा जाब मला आणि कोणत्याही गोष्टीचा निर्णय माझा नाहीं, हें सोसत नाहीं.”

हें शेवटचें वाक्य मीं मनांत घोळवीत ठेविलें, आणि नंतर पुस्तकें चाळूं लागलों तेव्हां दिसून आलें, कीं ह्या मुलानें शास्त्रज्ञांचाच एक सिद्धांत नकळत बोलून दाखविला होता. रॉबर्ट कॅरासेक ह्या अमेरिकन संशोधकानें १९७९ सालीं असें प्रतिपादिलें, कीं नुसत्या कामाच्या भारानें मनुष्य खचत नाहीं. भार मोठा आणि त्याविषयीं निर्णय घेण्याची मोकळीक लहान, अशी जोडी जमली म्हणजे तो खचतो. तोच भार, परंतु हातीं अधिकार असला, तर मनुष्य त्यांतून शिकतो आणि वाढतो. बागेच्या भाषेंत सांगावयाचें तर, पाणी तोडण्याचा आणि सोडण्याचा हिशेब कोणाच्या तरी हातीं पाहिजे. हॉटेलच्या व्यवस्थापकाच्या नशिबीं पाहुणा, मालक आणि नोकर असे तीन धनी येतात. तिघांच्या मागण्या निरनिराळ्या, आणि पाण्याचें दार मात्र त्याच्या हातीं नाहीं.

दुसरी गोष्ट त्या हंसण्याची. चिखलदऱ्याशीं कीचकवधाची कथा जोडलेली आहे. भीमानें कीचकास मारून ज्या दरींत लोटलें ती हीच, असें लोक सांगतात. ही कथा आपण सारे शौर्याची म्हणून ऐकतों. परंतु अज्ञातवासांतल्या पांडवांकडे नोकरपेशाच्या दृष्टीनें पाहावें. महापराक्रमी भीम बल्लव होऊन विराटाच्या मुदपाकखान्यांत राबतो; सम्राज्ञी द्रौपदी सैरंध्री होऊन दुसरीची वेणीफणी करते. श्रमांपेक्षांही जड असें त्यांचें काम हें, कीं पोटांतला क्रोध चेहऱ्यावर येऊं द्यावयाचा नाहीं. आर्ली हॉकशील्ड ह्या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं विमानांतील सेविकांच्या नोकरीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ह्या कष्टांना ‘भावनिक श्रम’ असें नांव दिलें. हातपाय राबतात तसें हंसणेंही राबतें, आणि राबलेल्या हंसण्यालाही विसावा लागतो, हें तिचें सांगणें. व्यासांनीं मात्र ह्या विसाव्याची सोय कथेंतच करून ठेविली आहे. द्रौपदीचा अपमान झाला तेव्हां ती रात्रीं मुदपाकखान्यांत भीमाकडे गेली आणि तेथें मोकळेपणानें रडली. शिवाय त्या अज्ञातवासाला एका वर्षाची मर्यादा होती. बोलावयास एक माणूस आणि संपावयाचा एक दिवस, एवढ्या दोन गोष्टींवर पांडवांसारख्यांनीं दिवस काढले. आमच्या मुलाजवळ ह्यांतलें एकही नव्हतें.

कोणी म्हणेल, कीं हा दुबळ्या मनाचा प्रश्न आहे. खंबीर माणसाला असें होत नाहीं. त्यांनीं सीझर रिट्झची हकीकत वाचावी. १८५० सालीं स्वित्झर्लंडच्या एका खेड्यांत जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा साधा वाढपी म्हणून लागला आणि पुढें सबंध यूरोपांत हॉटेलच्या धंद्याचा राजा गणला गेला. १८९८ सालीं पॅरिसमध्यें त्याच्या नांवाचें हॉटेल उघडलें. लंडनचें कार्लटन हॉटेल त्याच्याच देखरेखीखालीं चालत असे. सातव्या एडवर्ड बादशहाचा राज्यारोहणसमारंभ २६ जून १९०२ रोजीं व्हावयाचा होता. त्या निमित्तानें येणाऱ्या बड्या पाहुण्यांसाठीं रिट्झनें कित्येक आठवडे अहोरात्र तयारी केली. समारंभाला दोन दिवस उरले असतांना बातमी आली, कीं बादशहांवर शस्त्रक्रिया करावी लागली असून समारंभ लांबणीवर पडला आहे. सारे बेत एका क्षणांत रद्द झाले. रिट्झ त्याच वेळीं कोसळला, आणि १९१८ सालीं मरेपर्यंत पूर्वीसारखा उभा राहिलाच नाहीं. तो दुबळा होता असें कोण म्हणेल? वर्षानुवर्षें त्यानें स्वतःला ताण दिला आणि तोडण्याचा दिवस पुढें ढकलीत राहिला. त्या बातमीनें केवळ शेवटचा धक्का दिला.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचें आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं ताजमहाल हॉटेलांत दहशतवादी शिरले, तेव्हां एका मोठ्या कंपनीची मेजवानी तेथें चालू होती. तिची व्यवस्था मल्लिका नांवाच्या चोवीस वर्षांच्या व्यवस्थापिकेकडे होती आणि तिच्या हाताखालीं सुमारें पस्तीस सेवक होते. गोळीबाराचे आवाज ऐकतांच तिनें दारें लावून घेतलीं, दिवे मालविले, पाहुण्यांना टेबलांखालीं निजावयास सांगितलें. सबंध कुटुंब एकाच वेळीं संकटांत सांपडूं नये म्हणून पतिपत्नींना दूर दूर बसविलें. रात्रभर सेवक पाहुण्यांना पाणी देत, धीर देत फिरत होते. सकाळीं अग्निशामक दलाच्या शिड्यांवरून पाहुणे उतरले. ती आणि तिचे सेवक त्यांच्यामागून उतरले. त्या प्रसंगांत हॉटेलाच्या अकरा सेवकांनीं प्राण गमाविले. असें धैर्य कोणाकडून मागावयाचें नसतें. तें ज्याचें त्यानें दिलें. परंतु हार्वर्ड विद्यापीठांतील प्राध्यापक रोहित देशपांडे आणि अंजली रैना ह्यांनीं २०११ सालीं ह्या प्रसंगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांतली एक गोष्ट आपल्या प्रस्तुत विषयाची आहे. ह्या हॉटेलसंस्थेंत नव्या सेवकास अठरा महिने शिक्षण दिलें जाई, आणि समोरच्या पाहुण्याच्या हिताचा निर्णय वरिष्ठांस न विचारतां घेण्याची मुभा त्याला असे. म्हणून त्या रात्रीं कोणी कोणाच्या हुकुमाची वाट पाहिली नाहीं. दोनशें रुपयांच्या सुटीसाठीं ज्याला फोन करावा लागतो त्याला ही स्थिरता कोठून येणार?

आतां उपायांकडे वळूं. प्राणायाम, पहाटेचें फिरणें, झोंपेची वेळ, चहाचे कप मोजून पिणें हीं सारीं हितकरच आहेत आणि तीं आपणां सर्वांस ठाऊक आहेत. परंतु कामाची रचना जर रोज नवा ताण निर्माण करीत असेल, तर सकाळच्या दहा मिनिटांच्या प्राणायामानें तो किती ओसरणार? रचनेंतच हात घालावा लागतो. ह्याचें एक मासलेवाईक उदाहरण विल्यम फूट व्हाइट ह्या समाजशास्त्रज्ञाच्या १९४८ सालच्या ग्रंथांत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो शिकागोंतील उपाहारगृहांचा अभ्यास करीत होता. तेथें गर्दीच्या वेळीं वाढणाऱ्या मुली रडकुंडीस येत आणि आचारी त्यांच्यावर ओरडत. त्यानें शोधून काढलें, कीं भांडणाचें मूळ स्वभावांत नसून तोंडी हुकुमांत आहे. कालची पोर मोठ्या आचाऱ्याला ‘हें लवकर द्या, तें आधीं द्या’ असें सांगे, तें त्याला झोंबे. काउंटरवर तारेचा एक आंकडा ठेवून मागणीच्या चिठ्ठ्या त्याला टोंचावयाच्या आणि आचाऱ्यानें त्या आपल्या क्रमानें काढून घ्यावयाच्या, एवढी युक्ति जेथें केली होती तेथें ओरडा पुष्कळ कमी झाला. चार पैशांच्या तारेनें जें साधलें तें उपदेशानें साधलें नसतें.

हें सारें मीं पुतण्याला सांगितलें, आणि आम्ही दोघांनीं बागेंत बसून एक यादी केली. ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून येथें देतों. पहिली गोष्ट, भटारखान्याच्या खिडकीशीं चिठ्ठ्यांचा आंकडा. दुसरी, मालकांशीं एकदां स्वस्थपणें बसून अधिकाराची मर्यादा आंकड्यांत ठरवून घेणें: अमुक रुपयांपर्यंतची सूट, अमुक रकमेपर्यंतची दुरुस्ती, डिझेल आणि पाणी ह्यांची खरेदी व्यवस्थापकानें न विचारतां करावी आणि महिनाअखेर हिशेब दाखवावा. तिसरी, पाळी बदलतांना लिहावयाची एक वही. काय झालें, काय अपुरें राहिलें, कोणत्या खोलींत कोणाची काय तक्रार आहे, हें तींत उतरलें म्हणजे तें डोक्यांत वागवीत घरीं जावें लागत नाहीं. चौथी, गर्दीच्या दिवसांत दोन खोल्या ऑनलाइन विक्रीस न ठेवतां राखून ठेवणें, म्हणजे रात्रीं दहाला येणाऱ्या तान्ह्या मुलाला छप्पर मिळेल. पांचवी, आठवड्यांतून एक दिवस पुरती सुट्टी. हॉटेलवाल्याला रविवार मिळत नाहीं. म्हणून गर्दी ओसरल्यावरचा मंगळवार ठरला, आणि त्या दिवशीं फोन सहाय्यकाच्या हातीं.

ह्या पांचव्या गोष्टीविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. महाराष्ट्रांत दुकानें व आस्थापना ह्यांच्याविषयीं २०१७ सालीं झालेल्या कायद्यानें कामगारांच्या कामाला तासांची मर्यादा घातली आणि त्यांना साप्ताहिक सुट्टी दिली. परंतु व्यवस्थापकीय अधिकाराच्या जागेवरील माणसास त्याच कायद्यानें वगळलें आहे. वाढप्याला सुट्टी द्यावयाची हें व्यवस्थापकानें पाहावयाचें. व्यवस्थापकाची सुट्टी कोणी पाहावयाची हें मात्र त्याला स्वतःच ठरवून घ्यावें लागतें. आमच्या तालुक्यांत डिसेंबरच्या अखेरीस बहिरमची जत्रा भरते. तेथें तंबू ठोकून खाणावळी घालणारे लोक रात्रंदिवस चुलींपुढें राबतात. हंड्या आणि रोडगे ह्यांच्यापुढें त्यांना झोंप ठाऊक नसते. परंतु महिना-सव्वा महिन्यानें जत्रा उठते, तंबू उतरतात, आणि तीं माणसें घरीं जाऊन झोंपतात. बारमास चालणाऱ्या हॉटेलांत जत्रा उठतच नाहीं. म्हणून ती दर आठवड्याला एकदां मुद्दाम उठवावी लागते.

आतां घरच्या माणसांचें कर्तव्य. आपल्या पांढरपेशा घरांतून हॉटेलाच्या धंद्याविषयीं एक जुनी अढी अजून सर्वस्वीं गेलेली नाहीं. वकिलाचा, डॉक्टरचा, इंजिनियरचा ताण आम्हांस ताण वाटतो. हॉटेलांतल्या मुलाचा ताण म्हणजे ‘आणखी कोणी सांगितलें होतें तिकडे जावयास!’ असें होतें. वास्तविक मामा काण्यांनीं १९१० सालीं दादरला आपलें उपाहारगृह काढलें तेव्हां ‘स्वच्छ’ हा शब्द त्याच्या नांवांतच घातला, आणि कित्येक पिढ्यांनीं तेथें निःशंकपणें खाल्लें. १९५४ पासून मुंबईस ह्या विद्येची स्वतंत्र संस्थाही आहे. दुसऱ्याच्या घरच्या माणसाला आपल्या छपराखालीं सुखानें निजवितां येणें ही हलकी विद्या नव्हे. लग्नाच्या बैठकींत ‘मुलगा हॉटेलांत आहे’ हें वाक्य आपण खालच्या आवाजांत बोलतों, आणि तें शेजारच्या खोलींत मुलाला ऐकूं जातें. बाहेर तीन धनी सांभाळून आलेल्यानें घरीं चौथ्यापुढें लाजावें कां?

तो घरीं आल्यावर पहिला अर्धा तास त्याला कांहीं विचारूं नये, हा नियम आम्हीं केला. बागेचा ताण तोडतांना पहिलें पाणी हलकें देतात. माणसालाही प्रेमाचा लोंढा एकदम सोसत नाहीं. पाय धुवावे, ओसरीवर बसावें, वाटल्यास बागेंत एक फेरी मारावी. मग चहा आणि मग बोलणें. बोलूं लागला कीं ऐकून घ्यावें. मधेंच ‘आमच्या वेळीं’ हें शब्द काढूं नयेत. हा दुसरा नियम बंधूंसाठीं होता आणि त्यांनीं तो कुरकुरत कां होईना, मान्य केला.

हें सर्व ठरत असतां वहिनी दाराशीं उभ्या होत्या. चिठ्ठ्यांच्या आंकड्याची गोष्ट ऐकून त्या हंसल्या आणि म्हणाल्या, “त्यांत नवें काय? धाकट्या वन्संच्या लग्नांत मीं कोठीघराच्या दाराला पाटी लावली होती. ज्याला जें हवें तें त्यानें पाटीवर लिहावें, आचाऱ्याला तोंडी कोणीं सांगावयाचें नाहीं. तीन दिवस भांडण झालें नाहीं.” खरेंच होतें. घरांतल्या चौदा माणसांचीं पथ्यें, उपास, डबे, येणारेजाणारे, ह्या साऱ्यांचें तीस वर्षें व्यवस्थापन करणारी बाई आमच्या समोर उभी होती, आणि हॉटेलाच्या व्यवस्थापनाविषयीं आम्ही परदेशी ग्रंथ चाळीत होतों. थोडा वेळ थांबून त्या पुढें म्हणाल्या, “त्याचा मंगळवार ठरला तें चांगलें झालें. मग माझाही एखादा वार ठरवा.”

कोणीच बोलेना. त्या शुक्रवारीं भरल्या ताटापुढें त्या गप्प कां राहिल्या होत्या, हें मला त्या क्षणीं कळलें. मुलगा थकला आहे हें त्यांनीं सर्वांच्या आधीं ओळखलें होतें. कारण तें हंसणें त्यांच्या ओळखीचें होतें. त्या दिवसापासून आमच्या घरीं गुरुवारची संध्याकाळ वहिनींची आहे. त्या दिवशीं त्या स्वयंपाकघरांत पाऊल ठेवीत नाहींत. वाटल्यास शेजारीं जातात, वाटल्यास वाचीत पडतात. खिचडी बंधु करतात. पहिल्या गुरुवारीं ती खालून लागली आणि वरून कच्ची राहिली. आम्ही ती मुकाट्यानें खाल्ली.

एक गोष्ट मात्र सावधगिरीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगवर्गीकरणांत नोकरीनें येणाऱ्या ह्या अवस्थेचा उल्लेख आहे. तिला त्यांनीं रोग म्हटलेलें नाहीं. परंतु तिचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत: शक्ति आटून जाणें, कामाविषयीं मनांत दुरावा किंवा कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं धड होत नाहीं असें वाटूं लागणें. एवढ्यावर रचना सुधारून आणि विश्रांति देऊन पुष्कळ सुधारणा होते. परंतु झोंप सलग कित्येक रात्रीं उडाली, अन्नावरची वासना गेली, छातींत दुखूं लागलें, दारूचा आधार लागूं लागला, किंवा जगण्यांत अर्थ नाहीं असें शब्द तोंडून निघाले, तर नवस, अंगारे आणि उपदेश बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें ‘टेलि-मानस’ ही निःशुल्क सेवा सुरू केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर दिवसा-रात्रीं केव्हांही बोलतां येतें, आणि मराठींतही बोलतां येतें. घराण्याचें नांव जाईल ह्या भीतीनें माणूस जाऊं देऊं नये.

पुतण्याच्या हॉटेलाचे मालक पहिल्यानें राजी नव्हते. मग तीन महिन्यांच्या वहीवरून त्यानें त्यांना दाखविलें, कीं दिलेल्या सुटीपेक्षां चिडून निघून गेलेल्या पाहुण्यांचें नुकसान मोठें आहे. आंकडे पाहून त्यांनीं एका मर्यादेपर्यंतचा अधिकार दिला. सगळेंच सुरळीत झालें असें मी म्हणणार नाहीं. वीज अजून जाते, टँकर अजून चुकतो, निंदा लिहिणारे अजून लिहितात, आणि एखाद्या मंगळवारींही फोन वाजतोच. परंतु घाट उतरून परतवाड्यावरून तो घरीं येतो, ओसरीवर अर्धा तास बसतो, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशीं पाट ओढून आईशीं बोलत बसतो. परवां वहिनींनीं त्याला विचारलें, “आणखी एक पोळी वाढूं का?” तो म्हणाला, “नको गं, पोट फुटेल.” धन्यवाद म्हणाला नाहीं. वहिनींनीं तरीही वाढली, आणि त्यानें ती खाल्ली.

यंदा आमच्या बागेला आंबिया बहाराचा ताण द्यावयाचा आहे. पाणी केव्हां तोडावयाचें तें ठरलें आहे. तें पुन्हां केव्हां सोडावयाचें ह्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावें लागेल. घरांतल्या माणसांविषयींही तेवढेंच पाहावें, एवढीच वाचकांस विनंति.